जोगजात राहायला कुठे? मदत हवी आहे (तातडीची)

पैंजण: मंडळी, वर्षभर शिकायला इंडोनेशियातल्या योग्याकर्ताला, म्हणजे जोगजाला चाललेय. राहायचं अजून ठरलेलं नाही. कुठला भाग बघू? परवापर्यंत कळवायचंय.

खवय्या_नाशिक: शाकाहारी असाल तर सांबलपासून, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीपासून, सावध राहा, त्यात बहुधा तेरासी असते, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, बिनधास्त खा. गुदेग म्हणजे कच्च्या फणसाची नारळाच्या दुधातली गोड भाजी, सोबत अंडं-कोंबडी वाढतात, ते आधीच नको म्हणा.

पैंजण: धन्यवाद, पण प्रश्न राहण्याचा आहे.

भटकभवानी: अहो, संस्था कोणती? गाजा माडा विद्यापीठ उत्तरेला, कला संस्था दक्षिणेला बांतुलकडे. चुकीच्या टोकाला खोली घेतलीत तर रोज सगळं शहर ओलांडाल.

पैंजण: लिहायचं राहिलं. कला संस्था, बांतुलमधल्या सेवोनची. दरबारी नृत्य शिकायचंय.

तबलजी: मग जवळच्या सोलो शहरात का नाही? तिथेही कला संस्था आहे. 1755 च्या गियांती तहाने जावातलं मातारामचं राज्य सोलो आणि योग्याकर्ता असं दुभंगलं, तेव्हापासून सोलोचा दरबार वेगळा. तिथला गामेलान, म्हणजे घंटा-झांजांचा वाद्यवृंद, ऐकाल तर परत यावंसं वाटणार नाही.

भटकभवानी: तबलजी, प्रवेश झालाय त्यांचा! दोन्ही घराण्यांची ढब वेगळी, जी निवडली ती शिकू द्या. सोलो लोकलने तासाभरावर आहे, सुट्टीच्या दिवशी जातील.

तबलजी: मान्य. पण जाच.

मंदिरवेडा: योग्याकर्ताजवळ प्रंबाननची जुनी हिंदू देवळं आहेत, तिथे शिवमंदिराच्या कठड्यावर रामायण कोरलंय, प्रदक्षिणा घालत वाचायचं. उत्तरेकडच्या गाभाऱ्यातल्या महिषासुरमर्दिनीला तिथले लोक रोरो जोंग्रांग म्हणतात. मी दोन दिवस तिथून हललो नाही.

भटकभवानी: पैंजण, इथून खोली पक्की करू नका. पहिला आठवडा प्रवीरोतामानच्या एखाद्या गेस्टहाऊसात काढा. जवळच्या परांगत्रितिस रस्त्याने सरळ दक्षिणेला गेलं की तुमची संस्था. आसपासच्या गल्ल्यांत पायी हिंडा, ‘तेरिमा कोस पुत्री’ अशा पाट्या दिसतील. कोस म्हणजे भाड्याची खोली, पुत्री म्हणजे फक्त मुलींसाठी. मीही तशीच शोधली होती.

पैंजण: हे हवं होतं! पण फाटक किती वाजता बंद होतं? तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात म्हणे.

भटकभवानी: बऱ्याच ठिकाणी नऊ-दहाला. पैसे देण्याआधी मालकीणबाईंना विचारा, त्यांना ‘इबू’ म्हणायचं. तालमीचं सांगितलंत तर किल्ली देतातही, मला दिली होती.