दर चार वर्षांनी पोस्टमास्तर का बदलायचा?

वैदेही_ओहायो
इथल्या लायब्ररीत जवळच्या एका खेड्यातल्या पोस्टमास्तरांची जुनी यादी सापडली. १८८५, १८८९, १८९३, १८९७, प्रत्येक वेळी नवं नाव. वस्ती दोनेकशे माणसांची. अशा ठिकाणी पगार तो काय मिळणार? मग एवढी ओढाताण कशासाठी?

जुनी_पाकिटं
वैदेही, सालं नीट बघ. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड (डेमोक्रॅट), हॅरिसन (रिपब्लिकन), परत क्लीव्हलंड, मग मॅकिन्ली (रिपब्लिकन). चारही वेळा वॉशिंग्टनमध्ये पक्ष पालटला आणि त्याबरोबर तुझ्या खेड्यातला मास्तरही.

पगाराचं म्हणशील तर ही चौथ्या वर्गाची पोस्टं. मास्तरला बांधलेला पगार नसे. जेवढ्या तिकिटांवर शिक्का बसेल त्यावर कमिशन, वर गिऱ्हाइकांच्या टपालपेट्यांचं भाडं. वर्षाला हजार डॉलरच्या आत, खेड्यात तर त्याहून कितीतरी कमी. पण पोस्ट असायचं कुठे? बहुधा मास्तरच्याच दुकानात! खेड्यापाड्यात घरपोच टपाल १८९६ पर्यंत सुरूच झालं नव्हतं. पत्र आलंय का, हे विचारायला सगळ्यांना त्याच दारात यावं लागे, आणि आलेला माणूस मीठ, खिळे, रॉकेल घेऊनच परत जाई. सत्ता गेली की पोस्ट समोरच्या दुकानात, आणि गिऱ्हाईकही तिकडेच. खरी कमाई ती.

सही पोस्टमास्तर जनरलच्या खात्याची, पण नाव सुचवणार तिथला सत्ताधारी पक्षाचा काँग्रेसमन, म्हणजे तिकडचा खासदार. तो पडलेला असेल तर पक्षाचा स्थानिक पुढारी. क्लीव्हलंडच्या पहिल्या कारकिर्दीत खात्यातल्या अ‍ॅडलाय स्टीव्हन्सननं सुमारे ४०,००० रिपब्लिकन पोस्टमास्तर घरी बसवले. १८९२ ला पक्षानं त्याला उपाध्यक्षपदाचं तिकीट दिलं आणि तो निवडूनही आला. कामाची पावती म्हणतात ती ही.

खडूस_बाळ्या
मग लिंकनचं काय? १८३३ ला न्यू सेलमचा पोस्टमास्तर झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॅक्सन, आणि हा तर जॅक्सनच्या विरोधातल्या हेन्री क्लेचा माणूस.

जुनी_पाकिटं
बरोबर. लिंकननंच पुढे लिहून ठेवलंय की ते पोस्ट इतकं क्षुल्लक होतं की त्याच्या राजकारणावर कुणी हरकत घेतली नाही. पत्रं टोपीत घालून फिरायचा म्हणे. तीन वर्षांत पोस्टच बंद झालं.

निवृत्त_डाकवाला
मी सातारा भागात डाक निरीक्षक होतो. आमच्याकडे खेड्यातला शाखा डाकपाल खात्याबाहेरचा माणूस. पोटापाण्याचं दुसरं साधन हवं आणि पोस्टाला जागा त्यानंच द्यायची. म्हणून बहुतेक शाळामास्तर नाही तर किराणावाला. नेमणूक निघाली की पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडेही यायच्या. चहा पाजून परत पाठवायचो. पण माणसाला एकदा नेमलं की मुंबईत सरकार कुणाचंही येवो, तो जागचा हलत नसे. आता दहावीच्या गुणांवर यादी लागते. तिकडे हे थांबलं कधी?

जुनी_पाकिटं
काका, लगेच नाही. १८८१ ला राष्ट्राध्यक्ष गारफिल्डवर गोळी झाडणारा गिटो सरकारी पदासाठी खेटे घालून वैतागलेला होता. त्यानंतर सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी परीक्षेवर देणारा १८८३ चा पेंडल्टन कायदा आला, पण पोस्टमास्तर त्यातून सुटले. १९०८ ला थिओडोर रूझवेल्टनं ओहायो नदीच्या उत्तरेचे आणि मिसिसिपीच्या पूर्वेचे चौथ्या वर्गाचे मास्तर नागरी सेवेत घेतले, उरलेले टाफ्टनं १९१२ ला. मोठ्या पोस्टांवरची वशिलेबाजी तर निक्सनच्या काळापर्यंत चालली. वैदेहीचं खेडं १९०८ च्या हद्दीत येतं, तेव्हा पुढे नाव टिकलं असणार.

वैदेही_ओहायो
नाही टिकलं! १८९७ वाला सोळा वर्षं होता, १९१३ ला पुन्हा नवं नाव.

जुनी_पाकिटं
अगं, विल्सन! परत डेमोक्रॅट. त्यानं हुकूम काढला की हे लोक परीक्षा न देताच कायम झालेत, आता जागा टिकवायची तर निवडीला सामोरे जा. कागदावर बिनतोड. कायम झालेले बहुतेक रिपब्लिकन होते, हा योगायोग. नव्या मास्तरचं दुकान गावात कुठे होतं, ते यादीत आहे का?