पहिला ईसीजी नॉर्मल होता... तुमचेही अनुभव लिहा

काल शेजारच्या काकू "पित्त झालंय गं" म्हणत येऊन बसल्या. हात जबड्यावर, कपाळाला गार घाम. माझ्या पोटात गोळाच आला. आईला हार्ट अटॅक आला तेव्हा अगदी असंच झालं होतं. जुना मधुमेह, त्यामुळे छातीत दुखलंच नाही. कॅज्युअल्टीत पहिला ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) निगेटिव्ह. पित्ताची गोळी देऊन घरी सोडणार होते. रातपाळीची इंटर्न मुलगी आईच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "मावशी, हा घाम मला बरा वाटत नाही. वीस मिनिटांनी परत काढू." तिसऱ्या ईसीजीत दोन, तीन, एव्हीएफ या लीडमध्ये एसटीची रेघ वर चढलेली, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाला अटॅक! कुणीतरी जिभेखाली सॉर्बिट्रेट, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, ठेवायला निघालं, तर तिने थांबवून आधी छातीवर उजवीकडे ईसीजीचे लीड लावले. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका असेल तर त्या गोळीने बीपी धाडकन पडतं. आईचा उजवाच निघाला.

रातपाळी
ट्रोपोनिन चढायला काही तास जातात हो, लवकर आलेल्या पेशंटचं निगेटिव्ह धरूच नये. रक्त परत तपासायला पाठवायचं.
मी सिस्टर आहे, माझं सांगणं एकच, श्वास मोजा. पूर्ण मिनिट, घड्याळ लावून. न्यूमोनियाचे एक आजोबा, बीपी ठीक, ताप नाही, नातेवाईक म्हणतात झोपलेत. श्वास २८, म्हणजे फार जलद, आणि लघवीची पिशवी सकाळपासून तेवढीच. झोप नव्हती ती, सेप्सिस होता, जंतुसंसर्गाने अवयव बिघडायला लागतात तो. आधी कल्चरचं, म्हणजे कुठले जंतू आहेत ते तपासायचं, रक्त काढलं, लगेच अँटिबायोटिक. बेल वाजली, नंतर लिहिते

वऱ्हाडी_ठेचा
२०१८, नागपुरात स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची, साथ होती ते वर्ष. मामाला डेंग्यू म्हणून सलाईन चालू, प्लेटलेट कमी, ताप हटेना. मामीने अंग पुसताना काखेत डाग पाहिला, सिगारेटचा चटका बसावा तसा काळा, दुखत नव्हता म्हणून मामा बोललाच नव्हता. तोच किड्याचा चावा. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, दोन दिवसांत ताप उतरला. शेतात गवत कापायला गेला होता. कपडे काढून तपासा, एवढंच.

सावित्रीकाठ
आमच्या महाडकडे विंचू म्हटलं की डॉ. हिंमतराव बावस्कर. लाल विंचवाच्या विषाने फुप्फुसात पाणी भरून माणसं जायची, त्यांनी प्राझोसिन ही बीपीची गोळी वापरून वाचवली. २०२२ला पद्मश्री मिळाली. माझा चुलतभाऊ त्या गोळीवर जगलाय. घाम, थंड हातपाय, हे दिसलं की आमची आजीसुद्धा विंचू शोधायची

पाऊसवेडी
अगं पण काकूंचं काय झालं ते तर सांग!!

धागाकर्ती
सॉरी, रिक्षात लिहीत होते. अँजिओ झाली, स्टेंट घातला, आयसीयूत आहेत. काका एकटेच बाहेर बाकावर.

पाऊसवेडी
कोथरूडला असाल तर काकांचा डबा मी देते. तिखट चालतं का?

धागाकर्ती
चालतं. पोळ्या मऊ दे, दात नाहीत त्यांना.