आर्किमिडीजचा स्क्रू: बाप कोण?

आडवळणी: काल कोणीतरी छातीठोकपणे लिहिलं, 'आर्किमिडीजने ढापलं, तिरका ठेवून फिरवला की पाणी वर चढवणारा स्क्रू असिरियाच्या (आजच्या इराकातलं जुनं राज्य) सेनाखेरीबचा.' अहो, पुरावा? निनवेच्या या राजाच्या (इ.स.पू. ७०४–६८१) लेखात ब्राँझचं ओतकाम आहे आणि 'अलामित्तू' नावाचं ताडाच्या जातीचं झाड. त्याच्या पिळदार खोडात स्क्रू दिसला असिरियाच्या अभ्यासक स्टेफनी डॅली बाईंना. तर्क आहे तो, तर्क!

नदीकाठ: मग तुमच्या आर्किमिडीजचा पुरावा काय? तो गेला इ.स.पू. २१२ला. श्रेय देणारा ग्रीक इतिहासकार डायोडोरस दीडशेहून अधिक वर्षांनंतरचा. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस तर स्क्रू बांधायची अख्खी कृती देतो: लाकडी दांड्यावर डांबर फासलेल्या विलोच्या पट्ट्या ८ पेडांत गुंडाळा, वरून फळ्या ठोका. पण आर्किमिडीजचं नाव? अवाक्षर नाही! आणि आर्किमिडीजच्या 'युरेका'ची, राजाच्या मुकुटाची गोष्ट सांगणारा हाच इसम.

मोटकरी: भांडा. आमच्या आजोबांची विहीर ४० फूट खोल. तिथे तिरका स्क्रू टाकून दाखवा, मग बोला. बैलांनी ओढायची मोट ती मोट! बैल धावेवर (उतरत्या वाटेवर) उतरले की पाणी थारोळ्यात (विहिरीकाठच्या कुंडात) धबाक्कन.

आडवळणी: इथे मोटेचा काय संबंध?

मोटकरी: नाडा-सोंदूर, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर आणि तिची सोंड ओढायची बारीक दोरी, कधी हातात धरलाय? एकदा सोंदूर तुटला, सोंड खाली लोंबली, सगळं पाणी परत विहिरीत. आजोबांनी माझा कान असा पिळला की तुमचा स्क्रू फिका पडावा.

जुना_फिटर: सांडपाणी केंद्रात ११ वर्षं स्क्रू पंप सांभाळलेत. चिंध्या, प्लास्टिक, गाळ, सगळं निमूट वर येतं. दुसरा पंप असता तर तासाभरात गळफास लागला असता. रडगाणं एकच, खालचं बेअरिंग. पाण्यात बुडलेलं, ग्रीस गेलं की संपलं. मध्यरात्री त्या घाणीत कोण उतरलं असेल, ओळखा.

नदीकाठ: उंचीचं मोटकरींचं बरोबर, नाइलाजाने मान्य. पण स्पेनच्या खाणींत रोमनांनी स्क्रूमागून स्क्रू लावून पाणी वर काढलंच ना?

मोटकरी: ओळीने लावावे लागले, हे तुम्हीच सांगितलंत. आभारी आहे.

आडवळणी: माझा प्रश्न आर्किमिडीजचा होता.

जुना_फिटर: त्याला विचारा, बेअरिंग कोण बदलायचं?