स्ट्रोमॅटोपोरा स्पंज कसा?

चुनखडीप्रेमी: स्ट्रोमॅटोपोराच्या, म्हणजे त्या पापुद्रेदार समुद्री जीवाश्माच्या, सांगाड्यात स्पिक्यूल (स्पंजाचे सूक्ष्म काटे) दाखवा, मग स्पंज म्हणा. जीवाश्मतज्ज्ञ निकोल्सनने 1886 मध्ये त्याला हायड्रोझोआत (जेलीफिशच्या नात्यातल्या गटात) बसवलं, तेच बरं होतं.

कातळवेडा: निकोल्सन अर्धाच वाचलाय तुम्ही. 1878 मध्ये मुरीबरोबर त्यानेच हे स्पंज ठरवले होते, नंतर घूमजाव केलं. आणि व्हॅसेलेटिया हा चुनखडी सांगाड्याचा स्पंज आज जिवंत आहे, त्यात स्पिक्यूल औषधालाही नाही. त्यालाही स्पंजांतून हाकलणार का? सेराटोपोरेला या दुसऱ्या जिवंत स्पंजात सिलिकाचे स्पिक्यूल असतात, पण सांगाड्यात गाडले गेले की विरघळू लागतात. तेही प्राणी जिवंत असताना! कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळातल्या खडकात काय उरणार?

चुनखडीप्रेमी: म्हणजे पुरावा नाही हाच पुरावा. वा!

कातळवेडा: पुरावा ॲस्ट्रोरायझांचा. चांदणीसारख्या फाटे फुटलेल्या या खुणा. 1970 मध्ये हार्टमन आणि गोरो यांनी जमैकाच्या जिवंत स्पंजांवर तशाच दाखवल्या. पाणी बाहेर टाकणाऱ्या नळ्यांचे ठसे आहेत ते. हायड्रोझोआत या नळ्या कशासाठी असतील, सांगा.

पातळकाप: तुम्ही भांडा, पण नमुना स्ट्रोमॅटोपोराच आहे हे आधी कोणी पाहिलंय? गोल्डफुसने 1826 मध्ये जर्मनीतल्या आयफेलच्या नमुन्यांवरून नाव दिलं आणि पुढे पापुद्रे दिसले की ढकल त्यात, असं चाललं. ओळखायला दोन पातळ काप लागतात: एक पापुद्र्यांना काटकोनात, दुसरा समांतर. तिरका कापलात तर पापुद्र्यांमधले उभे खांब भिंतींसारखे दिसतात आणि नाव चुकतं. ॲक्टिनोस्ट्रोमा या त्याच्यासारख्याच जीवाश्मात समांतर कापात खांबांचे ठिपके आणि त्यांना जोडणारे बारीक हात दिसतात. स्ट्रोमॅटोपोरात ते नाहीत, तिथे सांगाड्याची जाळीच सूक्ष्म पेशीदार असते. चुनखडीचं डोलोमाइट झालं की हा पोत पुसला जातो. मग लेबलावर 'प्रजाती अनिर्णित' लिहा, अंदाजपंचे नाव नको.

कातळवेडा: सगळंच अनिर्णित लिहायचं तर संग्रह कशाला? बाह्य आकार तरी असतोच ना.

पातळकाप: आकारावरून प्रजाती? एकच जात गाळ साचण्याच्या वेगानुसार कुठे चपटी, कुठे घुमटाकार वाढते. असल्या लेबलांमुळेच फ्रास्नियन या डेव्होनियनमधल्या टप्प्याच्या अखेरच्या, सुमारे 37.2 कोटी वर्षांपूर्वीच्या ऱ्हासाचे तक्ते बिघडतात.

कातळवेडा: बरं बाबा, आकाराचं मागे घेतो. ॲस्ट्रोरायझांचं नाही.

चुनखडीप्रेमी: ॲस्ट्रोरायझा सगळ्या नमुन्यांत नसतात, एवढं लिहून ठेवा. नळ्यांचं मान्य. नाइलाजाने.