शब्दचर्चा: ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहिते आहे. ‘माझी निवड चुकून झाली, आज ना उद्या पितळ उघडं पडणार’ ही भावना ‘तोतयागंड’ या शब्दातून पोचेल का?

उत्तर: ‘तोतया’ नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. आपण भाऊ नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, लोकांनी भाऊ मानावं एवढीच त्याची खटपट. इथे सगळं उलटं. मुलगी प्रवेशपरीक्षा, मुलाखत रीतसर पार करून आलेली असते. तरी सेमिनारमध्ये सुचलेला प्रश्न वहीच्या कोपऱ्यात लिहून ती गप्प बसते. तोच प्रश्न दुसऱ्याने विचारला आणि गाइड ‘छान मुद्दा’ म्हणाले, तरी तिला वाटतं, आपल्याला तो सुचला हा योगायोग. यात सोंग कुठे आहे?

‘गंड’ही टाळा. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांचा हा अनुभव मांडला, तेव्हा ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ असं म्हटलं होतं. ‘सिंड्रोम’ मागाहून चिकटलं. शब्दातूनच आजारपण माथी मारू नये.

दुसरं मत: मग सरळ ‘न्यूनगंड’ का नको? सगळ्यांना कळतो.

उत्तर: न्यूनगंडात आपण कमी आहोत असं वाटतं. इथे यश पदरात असतं, पण ते आपलं वाटत नाही, आणि वर पकडले जाण्याची भीती. मी ‘उघडं पडण्याची धास्ती’ म्हणेन. लांब आहे, पण अर्थ नेमका.

तिसरं मत: धास्ती मनातली झाली. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ‘रँक किती? कॅटेगरी कोणती?’ असं विचारतात, त्याचं काय? दिल्लीच्या एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. त्यात भेदभाव स्पष्ट नोंदवला आहे. अशा ठिकाणी ‘तुला उगाच तसं वाटतं’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला ‘उपरेपणा’ म्हणा, आणि क्रियापदही बदला: ‘उपरं वाटतं’ नाही, ‘उपरं ठरवतात’. ‘लायकी काढणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे आहेच, आणि लायकी नेहमी दुसराच कुणीतरी काढतो.

प्रश्नकर्ती: हे पटलं. टिपणात दोन्ही वेगवेगळे ठेवते. ‘उघडं पडण्याची धास्ती’ विद्यार्थ्यांच्या भागात, आणि ‘उपरं ठरवणं’ गाइड आणि विभागप्रमुखांसाठीच्या भागात.