काळजी, चिंता आणि 'शाश्वत सवयी'

हवामानबदलाबद्दल शाळकरी मुलांना काय वाटतं आणि त्यांच्या सवयी कशा आहेत, यावर मराठीत प्रश्नावली करते आहे. 'हवामानबदलाची तुम्हाला काळजी वाटते का?' यात काळजी ठेवू की चिंता? आणि 'शाश्वत सवयी' आठवीच्या मुलांना कळेल का?

— काळजीच ठेवा, पण क्रियापद जपून निवडा. काळजी वाटते, काळजी करतो, काळजी घेतो. पहिल्या दोन्हींत माणूस जागचा हलत नाही. २०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते, असं ५९ टक्के जणांनी सांगितलं. हे झालं 'वाटणं'. ती मुलं खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतात का, हे त्यावरून कळणार नाही. 'वाटते'चा प्रश्न वेगळा, 'घेतो'चा वेगळा विचारा. नुसती धास्ती मोजायची असेल तर चिंता चालेल. चिंता कुणी 'घेत' नाही.

— 'शाश्वत' मला पहिल्यापासून खटकतो. शाश्वत म्हणजे नित्य, कधीच न संपणारं. मुलं म्हणतील, नखं खाणं ही माझी शाश्वत सवय! 'शाश्वत विकास' हा शब्द रुळवणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली कल्पना साधी आहे: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ नये. याला आपल्याकडे 'पुरवून वापरणं' म्हणतात की!

— मग सरळ काटकसर का नको?

— काटकसरीत पैसा आला. बिल कमी यावं म्हणून दिवा बंद करणारा आणि कार्बन उत्सर्जन कमी व्हावं म्हणून बंद करणारा, दोघांची सवय एकच, दृष्टिकोन वेगळा. ताईंना दोन्ही हवं आहे. म्हणून आधी फक्त कृती विचारा, कारण नंतर. कारण आधी विचारलंत तर मुलं बाईंना आवडेल तेच लिहितील.

— 'हवामान'ही फसवं आहे. आजचं ढगाळ हवामान आणि तीस वर्षांच्या सरासरीचं हवामान, दोन्हींना शब्द तोच. वर एका ओळीत खुलासा द्या, नाहीतर मुलं कालच्या पावसावर उत्तर देतील.

— आभार. काळजीचे दोन प्रश्न करते, आणि 'पुरवून वापरणं' घेते. 'हवामान बदल' तोडून लिहू की जोडून?

— जोडून. तोडलंत तर आज्ञार्थ होतो, आणि मागच्या बाकावरून 'बदलतो, बाई!' असं उत्तर येईल.