छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआरवर को-पायलट : करारावर सही करण्याआधी काय काय तपासावं?

उजवी_सीट
सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) आणि मल्टी-इंजिन आयआर (उपकरणांवर उडवण्याचं रेटिंग) झालंय, एकूण तास २२०. एका छोट्या प्रादेशिक कंपनीकडून एटीआर ७२-६०० या टर्बोप्रॉप विमानावर फर्स्ट ऑफिसरची (को-पायलटची) ऑफर आली आहे. कंपनीकडे चार विमानं, बेस हैदराबाद, महाराष्ट्रातल्या दोन-तीन विमानतळांवरही उड्डाणं. टाइप रेटिंगचा (त्या विमानाच्या प्रशिक्षणाचा) खर्च कंपनीचा, बदल्यात चार वर्षांचा बॉण्ड आणि सही केलेले तीन कोरे चेक. महिन्याला ४० तासांचा पगार निश्चित, त्यापुढे तासावर. मूळ कागदपत्रं "पडताळणीसाठी" जमा करायला सांगितली आहेत.

घरचे म्हणतात आलेली संधी सोडू नकोस. रोज किती राबावं लागतं, बॉण्ड कितपत चालतो आणि कंपनी बुडाली तर काय, हे जाणकारांनी सांगावं. "मोठ्या कंपनीची वाट बघ" हा सल्ला मिळून झाला आहे, तो सोडून लिहा.

डावी_सीट
पगाराचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी दिवसाचा हिशेब करा. सहा सेक्टर (एक टेक-ऑफ ते लँडिंग म्हणजे एक सेक्टर), प्रत्येकी सरासरी ६५ मिनिटं ब्लॉक (विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ), म्हणजे साडेसहा तास. मधली पाच टर्नअराउंड (दोन सेक्टरांमधले जमिनीवरचे थांबे) २५ मिनिटांची, ते दोन तास पाच मिनिटं. रिपोर्टिंग ४५ मिनिटं आधी. फ्लाइट ड्यूटी झाली ९ तास २० मिनिटं आणि लॉगबुकात पडले फक्त साडेसहा. तासावर पगार असला की तो ब्लॉकवर मिळतो. जेट उडवणारा दोन लांब सेक्टरांत तेवढेच तास कमावून घरी गेलेला असतो.

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाप्रमाणे दोन लँडिंगला १३ तासांची फ्लाइट ड्यूटी चालते, पण लँडिंगं वाढतील तशी ती घटते आणि सहा लँडिंगला ११ तासांवर येते. वरच्या हिशेबात तुमच्या हातात उरतात १ तास ४० मिनिटं. जुलैत मुंबईवर २० मिनिटं होल्डिंग (हवेत घिरट्या), एका छोट्या विमानतळावर ढग उतरले म्हणून गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर), मग डायव्हर्जन (दुसऱ्या विमानतळावर) आणि तिथे इंधनाची गाडी उशिरा, एवढ्यात हे संपतं. पाचव्या सेक्टरला कमांडरला "सर, एक्स्टेंशन द्याल ना?" असा फोन येतो. ते देणं न देणं कमांडरच्या हातात आहे, कंपनीच्या ऑपरेशन्स विभागाच्या नाही. उजव्या सीटवर बसून तुम्हीही "मी थकलोय" म्हणू शकता, आणि ते म्हणायचं असतं.

विमानाबद्दलही सांगतो. एटीआरला एपीयू (जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन) नाही. जमिनीवर वीज आणि थंड हवा मिळते ती उजवं इंजिन चालू ठेवून, त्याचा पंखा प्रोपेलर ब्रेकने धरून. यालाच हॉटेल मोड म्हणतात. आता मे महिन्यातलं जळगाव किंवा नांदेड घ्या, बाहेर ४२ अंश. प्रोप ब्रेक एमईएलवर टाकलेला (बिघडलेला, पण तसंच उडायला परवानगी असलेला) असेल किंवा मागून जोराचा वारा असेल, तर हॉटेल मोड मिळत नाही. मग इंजिन बंद करून जमिनीवरच्या पॉवर युनिटवर बसायचं. ते वीज देतं, गारवा देत नाही. वेगळी एसीची गाडी छोट्या स्टेशनवर क्वचितच असते. २५ मिनिटांत कॉकपिट तापतं, शर्ट पाठीला चिकटतो आणि त्याच अवस्थेत लोडशीट तपासून पुढच्या सेक्टरचं ब्रीफिंग द्यायचं. दिवसातून पाच वेळा. कागदावर याला नुसतं टर्नअराउंड म्हणतात.

वर ऑटोथ्रॉटलही नाही. जेट ज्या ढगांवरून निघून जातं त्यांच्या पोटात आपण १७-१८ हजार फुटांवर असतो, पावसाळ्यात हादरे आणि आइसिंग दोन्ही. हात चांगला बसतो यात शंका नाही, लँडिंगंही भरपूर मिळतात. फक्त थकवा तासांत मोजू नका, सेक्टरांत मोजा.

रोस्टरवाला
डावी_सीट यांनी दिवस सांगितला, मी महिना सांगतो. मुलाखतीत एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर हा विचारा : उडणारी विमानं किती आणि लाइनवर रिलीज झालेले कमांडर किती? ट्रेनिंगमधले धरू नका.

एक एटीआर रोज १० तास उडतं असं धरा, २८ दिवसांत २८० तास. नियमाने एका वैमानिकाला २८ दिवसांत १०० तासांची मर्यादा आहे, पण तो आकडा फसवा आहे. सात दिवसांत ३५ तास उड्डाण, सात दिवसांत ६० तास ड्यूटी, २८ दिवसांत १९० तास ड्यूटी, या सगळ्या मर्यादा एकाच वेळी लागू असतात. खरोखर मिळतात ते ६५-७० तास. म्हणजे विमानामागे चार जोड्या तर हव्यातच. वर रजा, आजारपण, दर सहा महिन्यांची पीपीसी (वैमानिकाची प्रावीण्य चाचणी), सिम्युलेटरला जाण्या-येण्यात गेलेले दिवस. पाच जोड्यांच्या खाली असलेली कंपनी स्टँडबायवर माणूस ठेवूच शकत नाही. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजतो. यात कोणी वाईट असतं असं नाही, गणितच तसं असतं.

साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, १ जुलै २०२५ पासून. १ नोव्हेंबर २०२५ च्या टप्प्यात रात्रीची व्याख्या ०५:०० ऐवजी ०६:०० पर्यंत गेली आणि रात्रीत शिरणाऱ्या ड्यूटीत लँडिंगं दोनवर आली. पहाटे सव्वापाचला रिपोर्टिंग करून सहा सेक्टर मारणाऱ्या प्रादेशिक कंपनीला हे सगळ्यांत जड जातं. म्हणून सवलती मागितल्या जातात, काही मिळतात, काही ठरावीक मुदतीसाठी मिळतात. बातम्यांवर विसंबू नका. कंपनीची डीजीसीएने मंजूर केलेली एफडीटीएल (उड्डाण आणि ड्यूटीच्या तासांच्या मर्यादांची) स्कीम असते, ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये. जॉइन होताना ती वाचायला मागा. आणि हो, साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा लावू नये ही सूचना डीजीसीएने ५ डिसेंबर २०२५ ला मागे घेतली. तुमची रजा विश्रांतीत गिळली जाते का, हे आता करारात आणि रजेच्या नियमांत बघावं लागेल.

रोस्टर हातात आलं की या तीन जागा बघा.

डेडहेड. हैदराबादहून प्रवासी म्हणून मुंबईला जायचं आणि तिथून चार सेक्टर उडवायचे. तो प्रवास ड्यूटीत धरला जातो, आणि पुढे उडवायचं असेल तर फ्लाइट ड्यूटीतही. लँडिंग म्हणून मोजत नाहीत. पैसे मात्र बऱ्याच ठिकाणी अर्धे किंवा शून्य. विचारून घ्या.

स्प्लिट ड्यूटी. सकाळी दोन सेक्टर, मध्ये पाच तास रिकामे, संध्याकाळी दोन. विश्रांती तीन तासांपेक्षा जास्त असेल तर तिच्या निम्म्याने फ्लाइट ड्यूटी वाढवता येते, म्हणून हे कंपन्यांना फार आवडतं. टर्मिनलच्या खुर्चीत काढलेल्या पाच तासांना विश्रांती म्हणू देऊ नका, शांत आणि योग्य जागा द्यावीच लागते. मुक्कामाच्या हॉटेलातही मागितली तर एकट्याची खोली मिळायला हवी, दोघांत एक नाही.

मुक्कामानंतरची विश्रांती. १२ तास किंवा आधीची ड्यूटी, यांत जे जास्त असेल ते. उशीर झाला की रोस्टर करणारा मूळ वेळ धरून बसतो, प्रत्यक्ष वेळ नाही. आपली चॉक्स-ऑनची (विमान जागेवर येऊन थांबल्याची) वेळ आपणच लिहून ठेवायची.

थकव्याचा रिपोर्ट तोंडी करू नका. त्याच दिवशी कंपनीच्या फॉर्मवर, मागच्या ७२ तासांची झोप आणि ड्यूटी लिहून पाठवा. "बरं वाटत नाही" असं लिहिलंत तर ते सिक लीव्हमध्ये जमा होतं आणि रोस्टर जसंच्या तसं राहतं.

कलम_सत्तावीस
बॉण्डबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज दिसतात. "बॉण्ड बेकायदेशीर असतो" हे चूक. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ ने नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नको असं बंधन घालता येत नाही, पण नोकरीच्या काळातलं बंधन आणि प्रशिक्षणाच्या खर्चाची भरपाई वेगळी. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं आधी सोडल्यास दोन लाख ही अट वैध ठरवली. दुसरं टोक म्हणजे लिहिलेली रक्कम पूर्ण द्यावीच लागते, हेही चूक. कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई मिळते, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. कंपनीला खर्च दाखवावा लागतो, म्हणून टाइप रेटिंगच्या बिलांचा तपशील करारातच जोडून मागा.

मसुद्यात हे बदल करून घ्या. बॉण्डची चार वर्षं जॉइनिंगपासून मोजायची की लाइन रिलीजपासून (ट्रेनिंग संपून नियमित उड्डाणं सुरू झाल्यापासून)? सिम्युलेटरचा स्लॉट न मिळाल्याने आठ महिने बसून राहिलात तर ते कोणाच्या खात्यात? जॉइनिंगपासून लिहून घ्या. रक्कम दरमहा समप्रमाणात कमी व्हावी, ४८ महिन्यांत शून्य. सगळ्यांत महत्त्वाचं : सलग दोन महिने पगार थकला किंवा कंपनीचं ऑपरेटर परमिट निलंबित झालं तर बॉण्ड आपोआप संपेल, हे वाक्य. छोट्या कंपनीत यावरच अडून बसा, बाकी एखादं कलम सुटलं तरी चालेल.

बॉण्डपेक्षा नोटीस पीरियड जास्त अडवतो. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने, कमांडरला एक वर्ष. कंपनीने एनओसी दिली तर लवकर सुटता येतं. त्याच नियमात हेही आहे की नोटीसच्या काळात कंपनीने पगार किंवा सुविधा कापल्या तर वैमानिक मुदतीआधी मुक्त करण्याची मागणी करू शकतो. सॅलरी स्लिपा म्हणूनच जपा.

मूळ कागदपत्रं देऊ नका. पडताळणी समोर बसून दहा मिनिटांत होते. फारच आग्रह असेल तर परत करण्याच्या तारखेसह पोच घ्या, आणि लायसन्स तर कधीच सोडू नका.

उजवी_सीट
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. चेकचं काय करावं? एचआर म्हणतं सगळेच देतात. आणि "आम्ही चेक कधी टाकत नाही" असंही म्हणतात.

कलम_सत्तावीस
टाकणार नसतील तर मागतात कशाला? सही केलेला कोरा चेक घेणाऱ्याने नंतर रक्कम भरली तरी न्यायालय तो ग्राह्य धरतं, आणि स्टॉप पेमेंट केल्याने कलम १३८ (चेक न वटल्याचा गुन्हा) टळत नाही. द्यायचाच झाला तर रक्कम स्वतः लिहा, नावापुढे रेघ ओढा, आणि सोबत पत्र द्या : चेक क्रमांक अमुक, बॉण्डच्या तारणासाठी, त्या दिवशी शिल्लक असलेल्या बॉण्डच्या रकमेपेक्षा जास्त वापरता येणार नाही, मुदत संपल्यावर परत. पत्राच्या प्रतीवर कंपनीचा शिक्का आणि सही. ही पोच चेकइतकीच महत्त्वाची. पोच देत नसतील तर तेच पत्र ईमेलने पाठवा.

हिशेबनीस
बुडण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एअर पेगासस २०१६, एअर कोस्टा २०१७, ट्रूजेट २०२२. प्रादेशिक कंपन्यांची यादी मोठी आहे. जळगाव-नाशिकला १९ आसनी बीचक्राफ्ट आणणारी नवी एअर डेक्कनही २०२० मध्ये थांबली. उडान योजनेत मार्गाला अनुदान तीन वर्षं मिळतं. ते संपलं की मार्ग बंद होतो, मार्गापाठोपाठ बेस हलतो. तेव्हा ऑफरमधले मार्ग उडानचे आहेत का आणि त्यांचं कितवं वर्ष चालू आहे, हे विचाराच. "बेस कंपनीच्या इच्छेनुसार" हे कलम असेल तर बदलीचा खर्च आणि किमान ३० दिवसांची सूचना त्यात घालून घ्या.

कंपनी आजारी पडते तेव्हा पगार शेवटी थांबतो. आधी थांबतात पीएफ आणि टीडीएस. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, तो ईपीएफओच्या पासबुकात दिसतो, दर महिन्याला बघा. टीडीएस २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या कराच्या नोंदीत) तिमाहीनंतर उमटतो. स्लिपेवर कापलेला दिसतो पण २६एएसमध्ये नाही, अशी एक तिमाही गेली की नवीन अर्ज टाकायला लागा. कापून घेतलेला पण न भरलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, मात्र नोटीस येतेच आणि स्लिपा दाखवाव्या लागतात.

दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली तर दिलेल्या मुदतीत फॉर्म डी भरून दावा दाखल करा. कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरतात, बाकी कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची, तीही खालच्या पायरीवर. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा निधी या वाटपाच्या बाहेर असतो.

पैशांइतकीच करन्सी (उडवत राहण्याची पात्रता) जपा. विमानं उभी राहिली की ९० दिवसांतली तीन टेक-ऑफ आणि लँडिंगं जातात, मग पीपीसी लॅप्स होते, आणि पुढचा मालक चालू पीपीसी असलेला माणूस आधी घेतो. एका सिम्युलेटर चेकचा आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाचा पैसा पहिल्या वर्षातच बाजूला काढा. ईजीसीए (डीजीसीएचं ऑनलाइन पोर्टल) वरचं लॉगबुक दर आठवड्याला भरा आणि कंपनीकडून दर तिमाहीला तास प्रमाणित करून घ्या. ऑफिसला कुलूप लागल्यावर सही करायला कोणी सापडत नाही.

डावी_सीट
लॉस ऑफ लायसन्स विमा (मेडिकली अनफिट होऊन लायसन्स गेल्यास पैसे देणारा) राहिला. ग्रुप पॉलिसी आहे का, तात्पुरतं अनफिट झाल्यास किती दिवसांनी पैसे सुरू होतात, आधीचे आजार वगळलेत का, एवढं विचारा. आणि ४० तासांची हमी फार कमी आहे. पहिले सहा महिने ट्रेनिंग कॅप्टन मोकळा नसला की तेवढेच हातात येतील. हमी ६० तासांवर न्यायला सांगा, ५० ला तयार होतील असं वाटतं.